हिरड्या उतरल्या तर? ‘दंतवैदर्भ’पासून पिनहोलपर्यंत

“डॉक्टर, माझे दात लंबे होऊन राह्यले जी.”

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या दातांच्या दवाखान्यात ही तक्रार आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतेच. मोठ्या माणसाचे दात काही लांब होत नसतात. होते ते उलटेच. दाताभोवतीची हिरडी मागे सरकते, खालच्या दाताची खाली आणि वरच्या दाताची वर, आणि आतापर्यंत झाकलेले दाताचे मूळ उघडे पडते. दिसणाऱ्या दातावर इनॅमलचे कठीण कवच असते, मुळावर ते नसते. म्हणून मूळ पिवळसर दिसते, थंड पाणी लागले की डोक्यापर्यंत कळ जाते आणि कीडही तिथे लवकर लागते.

गेल्या काही वर्षांत या तक्रारीसोबत मोबाइलही पुढे येतो. त्यात एक व्हिडिओ असतो. हिरडीला बारीकसे छिद्र, त्यातून आत गेलेले एक वाकडे हत्यार, आणि बघता बघता हिरडी सरकून मूळ झाकले जाते. चिरा नाही, टाके नाहीत. “असेच करून द्या.” मध्यंतरी एटापल्लीकडचे एक गृहस्थ असाच व्हिडिओ घेऊन आले होते. वय पस्तिशीच्या आसपास. मी त्यांना तोंड उघडायला सांगितले. त्यांची दोन बोटेही एकावर एक ठेवून आत जाईनात.

त्यांच्याकडे परत येऊच. पण ते छिद्र एका दिवसात कुणाला सुचलेले नाही. त्यामागची गोष्ट माहीत असली, तर आपल्याला काय चालेल आणि काय चालणार नाही हे पेशंटला स्वतःलाही बरेचसे ठरवता येते. म्हणून आज थोडा इतिहास.

जुन्या ग्रंथातला ‘वैदर्भ’

सुश्रुतसंहितेत तोंडाचे पासष्ट रोग सांगितले आहेत आणि त्यांतले पंधरा फक्त दातांच्या मुळांशी असलेल्या मांसाचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. त्यांतला एक ‘शीताद’. यात हिरडीतून विनाकारण रक्त येते, ती काळपट, मऊ, दुर्गंधी होते आणि झडत जाते. आज आम्ही ज्याला पायोरिया म्हणतो, त्याच्या फार जवळचे हे वर्णन आहे.

दुसऱ्या एका रोगाचे नाव वाचून आपल्याकडचा माणूस चमकतो. ते नाव आहे ‘दंतवैदर्भ’, किंवा नुसतेच ‘वैदर्भ’. हिरड्या घासल्या गेल्यामुळे त्यांना मोठी सूज येते, दात हलू लागतात, आणि हा रोग आघाताने होतो, असे सुश्रुत सांगतो. आपल्या प्रांताला लावून घ्यायची काही गरज नाही! महत्त्वाचे आहे ते कारण. हिरडीचा एक आजार जंतूंमुळे किंवा दोषांमुळे नव्हे, तर आपल्याच हाताने, घासण्याने होतो, हे तेव्हा वेगळे काढून सांगितले गेले होते. त्यावरचा उपायही बघा. दातांची मुळे शस्त्राने साफ करा, मग क्षार लावा, आणि त्यानंतर सगळे उपचार थंड ठेवा. यातला पहिला भाग आजच्या स्केलिंगच्या बराच जवळ जातो.

दात कसे घासावेत याचाही नियम तिथेच आहे. बारा अंगुळे लांबीची, करंगळीइतकी जाड काडी घ्यावी, तिचा कुंचला मऊ असावा, एकेक दात वेगळा घासावा आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये. कोणती काडी? कडू चवीत कडुनिंब, तुरटात खैर, तिखटात करंज आणि गोडात मोह. ही चारही झाडे आपल्या जंगलात आहेत. मोहाचे तर सांगायलाच नको. फुले वेचायची, टोळीचे तेल काढायचे आणि सकाळी त्याचीच काडी तोडून दातून करायचे, हे गावागावांत चालत आलेले आहे. दातून वाईट असे मी कुणाला सांगत नाही. नीट चावून मऊ केलेली काडी चांगलीच. पण घाईत अर्धवट चावलेली, कडक काडी आडवी खसाखसा फिरवली की ‘वैदर्भ’ झालाच म्हणून समजा. राखुंडी, कोळशाची पूड आणि मीठ बोटाने रगडणे हा त्याच घरातला प्रकार.

ब्रश आला, तरी हिरडी उतरलीच

१९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला. त्याआधी ब्रशला डुकराचे केस असत. पहिले नायलॉन चांगलेच राठ होते, मऊ केस नंतर आले. ब्रश कसा धरावा हे नीट बसवून सांगितले ते चार्ल्स बॅस यांनी, १९५४ मध्ये. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका, पंचेचाळीस अंशांत टेकवायचा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचा, ही आम्ही आजही शिकवतो ती ‘बॅस पद्धत’. हे बॅस मूळचे दंतवैद्य नव्हतेच. मलेरियाचा परजीवी शरीराबाहेर काचनळीत वाढवण्यात १९१२ साली ज्यांना पहिले यश आले, ते हेच. मलेरियासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतल्या लोकांनी या माणसाचे दोनदा आभार मानायला हरकत नाही.

तरीही ब्रशने प्रश्न सुटला नाही, याचा एक फार बोलका पुरावा आहे. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये नॉर्वेतल्या ५६५ शिकलेल्या, नियमित दात दाखवणाऱ्या पुरुषांची तपासणी सुरू केली. १९७० मध्ये श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांचीही तशीच तपासणी सुरू झाली. या मजुरांना ना ब्रश ठाऊक, ना दंतवैद्य. दोन्ही गट अनेक वर्षे पुन:पुन्हा तपासले गेले. उतरलेल्या हिरड्यांचा हिशेब १९९२ मध्ये छापून आला. नॉर्वेत विसाव्या वर्षीच साठ टक्क्यांहून अधिक जणांची कुठे ना कुठे हिरडी उतरलेली होती, आणि पन्नाशीला नव्वद टक्क्यांहून जास्त. मात्र ती उतरली होती दाताच्या बाहेरच्या, गालाकडच्या बाजूला, जिथे ब्रश जोराने फिरतो. श्रीलंकेत विशीच्या आत तीस टक्क्यांना हा त्रास होता, तिशीला नव्वद टक्क्यांना आणि चाळिशीला जवळजवळ सगळ्यांना. आणि तिथे हिरडी दाताच्या चारही बाजूंनी गेली होती, दोन दातांच्या मधूनसुद्धा.

म्हणजे हिरडी उतरण्याच्या वाटा निदान दोन. एक घासण्याची. दुसरी दातांवर साचणाऱ्या किटणाची, त्यामुळे येणाऱ्या सुजेची आणि आतल्या हाडाच्या झिजेची. चंद्रपूर शहरातल्या एखाद्या कॉलनीत मला पहिली जास्त दिसते, भामरागड-एटापल्लीकडे दुसरी. एकाच घरात सून नॉर्वेची आणि सासू श्रीलंकेची, असेही पाहिले आहे.

हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या शस्त्रक्रियांचे यश त्याच्यावरच अवलंबून आहे.

जखम लहान होत गेली ती अशी

उघड्या मुळावर हिरडी परत कशी आणायची? अडचण अशी की मुळाच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नाही. त्यावर नुसता मांसाचा तुकडा ठेवणे म्हणजे खडकावर रोप ठेवण्यासारखे. रोप जगायचे तर त्याची मुळे बाजूच्या मातीत हवीत.

यावरचा उपाय आपल्या मातीतलाच आहे, फक्त तो दातांसाठी नव्हता. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. इंग्रज फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. ते इथल्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून नव्याने बसवले. खुबी अशी की कातडी पूर्ण कापून काढली नाही, तिचा देठ जिवंत ठेवला. देठातून रक्त येत राहिले आणि नवे नाक जगले. ते वाचून युरोपातले सर्जन ही पद्धत शिकले.

हिरडीवर हेच तत्त्व नीट लिहून मांडले गेले ते १९५६ मध्ये. ग्रूप आणि वॉरन या दोन अमेरिकी दंतवैद्यांनी शेजारच्या दाताच्या हिरडीचा पदर सोडवला, एका बाजूचा देठ राखला आणि तो पदर उघड्या मुळावर सरकवून टाके घातले. मूळ झाकले गेले. पण ज्या शेजाऱ्याकडून पदर घेतला, तो उघडा पडायची भीती राहिली.

मग लक्ष गेले टाळूकडे. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये ब्यॉर्न यांनी टाळूची कातडी काढून हिरडीला जोडली. आंब्याच्या फांदीवर दुसऱ्या झाडाचे कलम बांधावे तसे. १९६८ मध्ये सलिव्हन आणि अ‍ॅटकिन्स यांनी हे कलम कसे जगते, कुठे जगत नाही, याचा सविस्तर अभ्यास मांडला. पद्धत चालली. पण पेशंटला दोन जखमा झाल्या, एक हिरडीवर आणि एक टाळूवर. टाळूची जखम उघडीच राहायची आणि आठवडा-दोन आठवडे जेवणाचे हाल व्हायचे. शिवाय कलमाचा रंग शेजारच्या हिरडीपेक्षा फिका, ठिगळासारखा दिसायचा.

१९८५ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचे आहे. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. लँगर आणि लँगर यांनी टाळूच्या वरच्या कातडीला हात न लावता तिच्या खालचा जाडसर थर काढायची पद्धत मांडली. वरचा पदर उचलायचा, आतला थर घ्यायचा, पदर परत बंद करायचा. टाळूची जखम मिटून जाते, आणि काढलेला थर हिरडीच्या पदराखाली सरकवल्याने त्याला खालून-वरून दोन्हीकडून रक्त मिळते. त्याच वर्षी राएट्‌झके यांनी सांगितले की हिरडीला उभ्या चिरा न देताही, नुसते पाकिटासारखे तोंड उघडून असा थर आत ठेवता येतो. लहान जखमेचा रस्ता खरा इथून सुरू झाला. १९९४ मध्ये अ‍ॅलन यांनी एकाला एक लागून असलेली पाकिटे जोडून हिरडीखाली बोगदाच केला. आता तीन-चार दातांवर एकाच वेळी काम करता येऊ लागले. २००० मध्ये इटलीत झुकेल्ली आणि डी सॅंक्टिस यांनी उभ्या चिरांशिवाय अनेक दातांची हिरडी एकत्र वर ओढण्याची पद्धत बसवली. भिंग आणि केसापेक्षा बारीक टाके वापरले तर जोडलेल्या भागात रक्त लवकर पोहोचते, हे २००५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात रंगद्रव्य सोडून दाखवले गेले.

१९८५ ची तिसरी गोष्ट शस्त्रक्रिया नाही, पण मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. पी. डी. मिलर यांनी उतरलेल्या हिरडीचे चार वर्ग पाडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दोन दातांच्या मधले हाड आणि हिरडीचे टोक शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकता येते. ते गेले असेल, तर अर्धेमुर्धे झाकले जाते. फारच गेले असेल, तर झाकण्याची आशा धरू नये. २०११ मध्ये कैरो यांनी हे वर्गीकरण सुटसुटीत केले, पण गाभा तोच राहिला. म्हणजे नॉर्वेची हिरडी झाकता येते, श्रीलंकेची बहुधा नाही. तुम्हाला घरी पाहायचे असेल तर आरशासमोर उभे राहा आणि दोन दातांच्या मध्ये हिरडीजवळ काळ्या त्रिकोणी फटी दिसतात का ते बघा. दिसत असतील तर व्हिडिओतला निकाल मिळणार नाही, डॉक्टर कितीही निष्णात असो.

छिद्र

आता त्या व्हिडिओकडे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात झाडेह यांनी ओठाच्या आतल्या बाजूला मधोमध एकच चीर घेऊन तिथून बोगदा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच जॉन चाओ यांनी चीरही काढून टाकली. उतरलेल्या हिरडीपासून लांब, ओठ-गालाच्या आतल्या मऊ त्वचेत दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र करायचे. त्यातून खास वळणाची हत्यारे घालून हिरडी हाडापासून आतल्या आत सोडवायची, मुळावर सरकवायची, आणि ती परत मागे जाऊ नये म्हणून त्याच छिद्रातून कोलॅजेनच्या पट्ट्या आत भरायच्या. टाळूवर जखम नाही, हिरडीला टाके नाहीत. चाओ यांनी ४३ पेशंटच्या १२१ जागांचा, सरासरी दीड वर्षाचा हिशेब दिला. मिलरच्या पहिल्या दोन वर्गांत, म्हणजे मधले हाड शाबूत असलेल्यांत, उघड्या मुळाचा सरासरी ९४ टक्के भाग झाकला गेला.

आकडा चांगलाच आहे. पण हे एकाच डॉक्टरने स्वतःच्या पेशंटवर केलेले काम आहे आणि त्यात तुलनेला दुसरा गट नाही, हेही लक्षात ठेवावे. टाळूचा आतला थर वापरून केलेली शस्त्रक्रिया आजही सगळ्यांत भरवशाची मानली जाते, विशेषतः हिरडी पातळ असेल तेव्हा. छिद्रातून हिरडी सरकते, पण जाड होत नाही, किंवा फारशी होत नाही.

कोलॅजेनच्या पट्ट्या बहुधा गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून बनवतात. हिरडी जुळून यावी म्हणून मुळावर लावायचे इनॅमल-प्रथिनांचे एक जेल स्वीडनमधून आले, तेही डुकराच्या पिलांच्या वाढत्या दातांपासून काढलेले असते. काही घरांत हे चालणार नाही. आधी विचारा. डॉक्टरने न विचारता सांगायला हवे, पण तुम्ही विचारलेत तर बिघडत नाही.

ज्यांना ते नको असेल, किंवा परवडत नसेल, त्यांच्यासाठी २००१ मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी शोधलेला मार्ग आहे. पीआरएफ. तुमचेच थोडे रक्त काढायचे, त्यात गोठू नये म्हणून घालतात तसले काही न घालता लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. मधोमध जी पिवळसर जेली तयार होते ती दाबून पातळ पडदा करायचा आणि हिरडीखाली ठेवायचा. मूळ झाकण्याच्या बाबतीत तो टाळूच्या थराची बरोबरी करत नाही, पण जखम लवकर भरायला मदत करतो आणि औषध कंपनीचे काही विकत घ्यावे लागत नाही. सुई आणि फिरते यंत्र एवढ्यावर काम भागते.

लहान जखमेचे मोल शहरात बसून कळत नाही. पेशंटचे गाव आणि दवाखाना यांत अंतर असले की ते कळते. भामरागडचा माणूस नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीला जातो, तेव्हा एक दिवस जाण्यात जातो. टाळूवर जखम असताना खडबडीत रस्त्याने परत यायचे, आणि दहा-पंधरा दिवसांनी टाके काढायला पुन्हा तेवढेच अंतर कापायचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. टाके हिरडीतच राहतात, त्यांच्याभोवती घाण साचते आणि केलेले काम वाया जाते. म्हणून टाके नसलेली किंवा आपोआप विरघळणारे टाके असलेली शस्त्रक्रिया ही आपल्याकडे चैन नाही. शक्यतो पावसाळा टाळून तारीख घ्यावी, हेही त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. तुमच्याकडे लाल किंवा पिवळे कार्ड असेल, किंवा घरात कुणाला असेल, तर हिरडीच्या लहानशा कामाआधीही डॉक्टरला सांगा. सिकलसेलच्या रुग्णात शरीरातले पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग आणि मनावरचा ताण यांनी दुखण्याची लाट उठू शकते. लहान जखम चालते, पण तयारी करून.

खर्रा

आता एटापल्लीचे गृहस्थ. त्यांच्या खालच्या समोरच्या दोन दातांची हिरडी उतरली होती. मधले हाड बरे होते, फटी नव्हत्या. म्हणजे मिलरच्या हिशेबाने काम करण्याजोगे. अडचण दुसरीच होती. ते रोज सहा-सात खर्रे खात.

खर्रा काय असतो हे इथल्या वाचकाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून देतात. चिमूट-चिमूट गालात किंवा ओठात धरून ठेवतात. जिथे धरतात, तिथली हिरडी उतरते. अमेरिकेत १९९० च्या सुमारास व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंच्या तोंडांची तपासणी झाली. त्यांच्यात तंबाखू ओठात ठेवायची सवय फार होती. बरोबर त्या ओठामागच्या दातांची हिरडी गेलेली आढळली. छत्तीसगडच्या बाजूने येणारा गुडाखू दातांवर बोटाने रगडतात, त्यात तंबाखूही आली आणि घासणेही आले. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, पण तंबाखूनेच दात घासायची सवय बंदीने गेली नाही.

खर्ऱ्यातली सुपारी आणखी एक काम करते. गालाची, टाळूची आतली त्वचा हळूहळू कडक, फिकट, दोरखंडासारखी होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. महाराष्ट्रात याचा मागोवा जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे घरोघरी जाऊन तपासली आणि १९७२ मध्ये अहवाल दिला. आपल्या भागापुरते बोलायचे तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून २००७ मध्ये या आजाराच्या हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बायकांच्या तुलनेत पुरुष जवळजवळ पाच पट होते. केरळात सतरा वर्षे पाठपुरावा केलेल्या ६६ रुग्णांपैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला होता.

हिरडीच्या शस्त्रक्रियेशी याचा संबंध सरळ आहे. छिद्रातून हिरडी सरकवायची तर ती त्वचा ताणली गेली पाहिजे. फायब्रोसिसमध्ये ती ताणलीच जात नाही, चामड्यासारखी फाटते. टाळूचा थर काढावा म्हटले तर टाळूही आजारी असतो. हत्यार आत घालायला तोंड उघडत नाही ते वेगळेच. आणि तंबाखू चालूच असेल तर निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, सरकवलेली हिरडी पुन्हा उतरते. पैसे गेले, प्रवास गेला, हिरडी होती तिथेच.

२०१२ च्या जुलैत राज्यात गुटखाबंदी आली. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ गावोगाव दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करते आहे. तरी आठवडी बाजारात खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबलेला मी पाहिला नाही. सोडायचा असेल तर एकट्याने झुंजू नका. १८०० ११ २३५६ हा केंद्र सरकारचा मोफत फोन क्रमांक आहे, आणि तंबाखू सोडण्याच्या सल्ल्यासाठी जिल्हा रुग्णालयातही विचारा.

त्या गृहस्थांना मी पिनहोल केले नाही. गालाच्या आत एक पांढुरका चट्टा होता, त्याचा तुकडा आधी तपासायला पाठवला. त्यात कर्करोग निघाला नाही. मग स्केलिंग केले, उघड्या मुळांवर फ्लोराइडचे व्हार्निश लावले, एका दाताच्या झिजलेल्या खाचेत दाताच्या रंगाचे सिमेंट भरले. मऊ ब्रश दिला आणि बॅसची पद्धत आरशासमोर दोनदा करून घेतली. यात सुरी कुठेच आली नाही. बहुतेकांना एवढ्यावरच आराम पडतो. हिरडी निरोगी असेल आणि आणखी उतरत नसेल, तर ती थोडी खाली आहे म्हणून दात पडत नाही. झाकायचीच असेल तर कारणे तीन: कळ थांबत नाही, हिरडी सरकतच चालली आहे, किंवा हसताना दिसते आणि मनाला लागते. तिसरे कारणही खरे कारण आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्यांना तोंड उघडण्याचे व्यायाम दिले. खर्रा सोडा म्हटले. पहिल्या महिन्यात सुटला नाही, तिसऱ्यात सुटला. एकदा कडक झालेली त्वचा पहिल्यासारखी होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवले होते. मागच्या खेपेला आले तेव्हा दोन बोटे सहज जात होती, तिसरे अडत होते. थंड पाण्याची कळ थांबली आहे म्हणाले. व्हिडिओचे पुन्हा विचारले. आणखी सहा महिने खर्ऱ्याशिवाय काढा, मग बोगद्याच्या पद्धतीने जमते का ते बघू, असे ठरले.

जाताना त्यांनी बाहेर बसलेल्या धाकट्या भावाला आत बोलावले. “याचे बी पाहून द्या जी.” वय एकोणीस. तीन बोटे आरामात गेली. खालच्या ओठामागे, जिथे चिमूट धरतो तिथे, एका दाताची हिरडी दोन मिलिमीटर उतरली होती आणि त्वचेवर पांढुरकी सुरकुती पडू लागली होती. खिशातली पन्नी त्याने आपणहून टेबलावर ठेवली. पुढची तारीख दोघांची एकाच दिवशी दिली आहे.